मनात चित्र काढून अभ्यास: अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात दरवर्षी जून-जुलैत बीड, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोलीकडची पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन 'नीट' (डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा) आणि इतर परीक्षांच्या तयारीला उतरतात. मी इथं अभ्यासिका चालवतो आणि संध्याकाळी बायोलॉजीच्या शंका सोडवतो. "सर, वाचलेलं ध्यानात राहायलं नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो. त्यावर मी जे सांगतो त्यातून पुढचे प्रश्न निघतात, आणि ते दरवर्षी जवळपास तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

मनात चित्र काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी एक करून बघा. तुमच्या गावाकडच्या घरात देवळ्या किती आहेत? कोनाडेसुद्धा धरा.

आकडा लगेच आला नसेल. तुम्ही मनातल्या मनात दारातून आत गेलात, ओसरीची भिंत बघितली, मग मधलं घर, मग चुलीकडची भिंत, आणि एकेक मोजत आलात. हा आकडा तुम्ही कधी पाठ केला नव्हता, तरी उत्तर तुमच्याजवळ होतं. अभ्यासात हेच मुद्दाम करायचं. शब्द घोकताना त्या शब्दामागची वस्तू, तिची जागा, तिची हालचाल डोळ्यांसमोर उभी करायची. आठवायची वेळ आली की शब्द शोधत बसायचं नाही, आधी त्या जागी जायचं.

हे खरंच चालतं, का क्लासवाल्यांचं फॅड आहे?

चालतं, आणि तपासून बघितलेलं आहे. १९७३ मध्ये लायनेल स्टँडिंग यांनी लोकांना काही दिवसांत १०,००० चित्रं दाखवली. नंतर जुनं चित्र नव्याशेजारी ठेवून "यातलं आधी कोणतं बघितलंत?" असं विचारलं, तेव्हा बहुतेक वेळा लोक बरोबर निघाले. ॲलन पेव्हिओ यांनी १९७१ मध्ये त्यामागचं कारण मांडलं. शब्द आणि चित्र मनात दोन वेगळ्या वाटांनी साठतात, त्यामुळे दोन्ही असले तर आठवायला दोन रस्ते मिळतात.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग २०१७ चा आहे. स्मरणशक्तीचा कसलाही सराव नसलेल्या साध्या लोकांना ४० दिवस, रोज अर्धा तास, ओळखीच्या जागांवर चित्रं ठेवायला शिकवलं. ७२ शब्दांच्या यादीतले आधी सरासरी २६ च्या आसपास आठवायचे, ते ६२ पर्यंत गेले. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फायद्याचा बराच भाग टिकून होता.

स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धा १९९१ पासून होतात. तिथल्या दर्जाच्या १० जणांची तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा वरचढ नव्हती, मेंदूची रचनाही वेगळी नव्हती. दहापैकी नऊ जण जागांवर चित्रं ठेवण्याची हीच पद्धत वापरत होते. "माझं डोकंच असलं" म्हणणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.

मेमरी पॅलेस म्हणतात तो काय? आमच्याकडं पॅलेस कुठला?

ग्रीक कवी सिमोनिडीसची कथा आहे. तो मेजवानीतून बाहेर आला आणि मागं छत कोसळलं. प्रेतं ओळखू येईनात. कोण कुठं बसलं होतं ते आठवून त्यानं एकेकाची ओळख पटवली. रोमन वक्ता सिसेरोनं ही कथा लिहून ठेवली, आणि जागेला धरून आठवायची ही रीत, म्हणजेच मेमरी पॅलेस, तेव्हापासून सिमोनिडीसच्या नावानं सांगतात. जागा ओळखणाऱ्या पेशी मेंदूत खरोखरच आहेत. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत त्या दाखवल्या, पुढं मोझर पतिपत्नींनी त्यात भर घातली, आणि या कामाला २०१४ चं नोबेल मिळालं.

आता पॅलेसचं. माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) जुनं घर यासाठी पॅलेसपेक्षा सरस आहे. उंबरा, ओसरी, रांजण, देवळी, जातं, उतरंड, चूल, देवघर, जिना, वर माळवद. प्रत्येक जागा वेगळी, प्रत्येकीचा वास वेगळा, अंधार-उजेड वेगळा. फ्लॅटमध्ये चार खोल्या सारख्याच रंगाच्या असतात, तिथं चित्रं एकमेकांत मिसळतात.

एक उदाहरण पूर्ण सांगतो, कारण यात खरी खुबी कळते. अकरावीत अर्धगुणसूत्री विभाजनात (मायोसिस, पेशीविभाजनाचा एक प्रकार) पहिल्या पूर्वावस्थेचे पाच टप्पे आहेत: लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस. पोरं हे मंत्रासारखं म्हणतात आणि परीक्षेत कशात काय होतं ते उलटंपालटं करतात. घरात शिरा.

उंबऱ्यावर बारीक सुताचा गुंता पडलाय, इतका बारीक की नीट बघितल्यावरच दिसतो. 'लेप्टो' म्हणजे बारीक. गुणसूत्रं नुकती धाग्यासारखी दिसू लागली आहेत.

ओसरीवर, नको तिथं, बैलजोडी उभी आहे आणि खांद्यावर जू. 'झायगो' हा ग्रीक शब्द जुवासाठीच आहे. संस्कृतातलं युग आणि आपलं जू त्याच कुळातलं. एकसारखी दोन गुणसूत्रं इथं जोडीला येतात.

रांजणाजवळ आजोबा दोन जाड दोर एकमेकाला पीळ देत बसलेत. 'पॅकी' म्हणजे जाड. पीळ देतादेता ते एका दोराचा तुकडा कापून दुसऱ्याला जोडतात आणि त्याचा ह्याला. हाच जीनविनिमय.

देवळीत तेच दोन दोर सुटून लांब व्हायला बघतायत, पण मध्ये फुलीसारखे अडकलेत. फुल्या दिसल्या की डिप्लोटीन.

चुलीपाशी फुल्या सरकत सरकत दोरांच्या टोकाला गेल्यात, आणि स्वयंपाकघराची भिंतच विरघळायला लागलीय. केंद्रकाचं आवरण नाहीसं होतं तो डायकायनेसिस.

पाच पावलं चाललात. नावं, क्रम आणि प्रत्येक टप्प्यात काय घडतं, तिन्ही एकदम हाती आलं. नुसती गंमतीची चित्रं आणि अर्थ सांगणारी चित्रं यांत हा फरक आहे, आणि माझा सगळा आग्रह दुसऱ्या जातीच्या चित्रांचा आहे.

माझं घर लहान आहे, एकाच खोलीचं. मग?

बीड जिल्ह्यातली एक मुलगी होती, आईवडील ऊसतोडीला जाणारे. ती म्हणाली, "सर, सहा महिने गाव, सहा महिने कोपी. कोणतं घर घेऊ?" मी म्हणालो, जे डोळे मिटल्याबरोबर पुढं येतं ते घे. तिनं कोपीच, म्हणजे ऊसतोडीच्या जागची पाचटाची झोपडीच घेतली. दाराशी तीन दगडांची चूल, पाचटाची भिंत, आत लोंबणारी झोळी, बाहेर बैलगाडीचं साटं, मग फडाकडं जाणारी वाट, वजनकाटा, कारखान्याचं फाटक. तिच्या वहीत या जागांची यादी तेवीसपर्यंत गेली होती. रोज पहाटे तीनला उठून त्या वाटेनं चाललेल्या पोरीला ती आठवायला श्रम पडले नाहीत.

गावची वेस ते शाळा हा रस्ता चालतो. आठवडी बाजाराची रांग चालते. लातुरात राहणाऱ्यांसाठी गंजगोलाई तर तयारच आहे: गोल बाजार, त्याला मिळणारे १६ रस्ते, आणि मधोमध जगदंबा देवीचं मंदिर. सोळा आणि एक, सतरा जागा. वनस्पतींना लागणारी आवश्यक मूलद्रव्यंही अकरावी-बारावीच्या पुस्तकात १७ आहेत. मंदिरात कार्बन ठेवा, कारण सगळा सांगाडा त्याचा. एका रस्त्याच्या तोंडाशी युरियाची गोणी फुटलीय, तो नत्र. पुढं स्फुरद, पालाश. शेतकऱ्याच्या पोराला ही नावं गोणीवरून आधीच माहीत असतात. तांब्याची घागर आडवी पडलीय, लोखंडी पहार रोवलीय. पहिल्या नऊ जागांवर भरपूर लागणारी, नंतरच्या आठांवर चिमूटभर लागणारी. कुठं काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. संध्याकाळी एकदा खरंच गोलाईला फेरी मारून या.

चित्र कसं असावं? वेडंवाकडंच पाहिजे का?

हलणारं असावं, मोठं असावं, आणि दोन वस्तू एकमेकीला भिडलेल्या असाव्यात. टेबलावर घड्याळ आणि बाजूला मासा असं नको. माशानं घड्याळ गिळलंय आणि पोटात टिकटिक ऐकू येतेय असं हवं. विचित्रपणानं मदत होते, पण यादीतली सगळीच चित्रं विचित्र केली तर एकही उठून दिसत नाही.

वास, आवाज, स्पर्शही घ्या. फोडणीचा ठसका रंगापेक्षा जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे.

आणि चित्र स्वतःच काढायचं. दुसऱ्यानं बनवलेल्या तयार 'ट्रिक्स'च्या पीडीएफ पोरं एकमेकांना पाठवतात. वरचं माझं बैलजोडीचं चित्रसुद्धा तुम्ही तसंच्या तसं घेतलंत तर अर्धंच कामाला येईल. तुमच्या ओसरीवर बैल उभे राहतील, तेव्हा ते तुमचं.

"सर, कायच दिसायलं नाही. नुसता अंधार."

हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतो, आणि विचारणारं पोर घाबरलेलं असतं. घाबरू नका. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं. काहींना लख्ख दिसलं, काहींना अगदीच काही नाही, आणि या दुसऱ्यांत नावाजलेले शास्त्रज्ञ होते. मनात चित्र न दिसण्याला ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये 'अफँटेझिया' हे नाव दिलं. तो आजार नाही.

पहिल्यांदा असं विचारणाऱ्या मुलीला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. "अजून प्रयत्न कर, येईल" म्हणालो. ती महिनाभर डोळे मिटून बसत राहिली आणि स्वतःलाच दोष देत राहिली. आज मी वेगळं विचारतो: "रात्री लाइट गेली तर अंधारात उठून माठापर्यंत जाता येतं ना?" येतं. म्हणजे जागेची जाण शाबूत आहे. माठ दिसायची गरज नाही, तो कुठं आहे हे माहीत असलं की पुरतं. अशांनी जागा आणि हालचाल धरावी, बोटानं हवेत दिशा दाखवावी, आणि चित्र मनात काढण्याऐवजी कागदावर काढावं.

चित्र चांगलं काढता येत नाही. कागदावर काढून फायदा होईल का?

होईल, चित्रकला येत नसली तरी. शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं ओबडधोबड चित्र काढलं तर जास्त लक्षात राहतो, हे २०१६ च्या प्रयोगांत दिसलंय. अट एकच, पुस्तक बंद करून काढायचं. समोर ठेवून नक्कल केली की हात चालतो आणि डोकं झोपतं.

हृदयाची आकृती काढताना एक सांभाळा. पुस्तकातल्या हृदयाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, कारण समोरच्या माणसाचं हृदय आपण बघतोय. आकृती पाठ करण्याऐवजी ते हृदय उचलून स्वतःच्या छातीत बसवा, म्हणजे डावं ते डावंच राहतं.

एमपीएससीवाल्यांनी नद्या अशाच कराव्यात. मांजरा घ्या. पाटोद्याच्या बालाघाट डोंगरात तिच्याबरोबर निघा. धनेगावच्या धरणात थांबा, लातूर जिल्ह्यातून पुढं चला, तेरणेला बरोबर घ्या, बीदरकडं कर्नाटकात शिरा, मग तेलंगणात तिच्याबरोबर उत्तरेला वळा. निजामसागराला अडून ती पुढं गोदावरीला मिळते. हे वळण नकाशावर एकदा बोटानं फिरवलंत की "मांजरा कोणकोणत्या राज्यांतून वाहते" हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

सनावळ्या आणि आकडे राहत नाहीत.

आकड्याला चित्र नसतं, म्हणून तो निसटतो. यावर आपल्या जुन्या ज्योतिषी-गणित्यांनी केव्हाच उपाय काढला होता: भूतसंख्या. आकड्याऐवजी वस्तूचं नाव घालायचं. चंद्र म्हणजे १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, रस ६, पर्वत ७, नाग ८, ग्रह ९, आकाश ०. त्यांना श्लोकात बसवायचे होते, आपल्याला चित्रात बसवायचेत. ते उजवीकडून डावीकडं वाचत, तुम्ही सरळ वाचा.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १७ सप्टेंबर १९४८. हैदराबादचा चारमिनार डोळ्यांपुढं आणा. त्याच्या मागं डोंगर आणि डोंगरावर चंद्र टेकलाय: आधी चंद्र, मग पर्वत, १७. खाली पोथ्यांची चवड आणि तिच्यावर फणा काढलेला नाग: ४८. शतक वेगळं लक्षात ठेवायची गरज नाही.

दहा चित्रं पक्की व्हायला दोन दिवस लागतात. नंतर ती जन्माला पुरतात.

इंग्रजी शब्दांचं काय? नीटच्या पोरांना नाही, पण बाकीच्यांना लागतात.

शब्दाचा आवाज मराठीत कशासारखा वाटतो ते बघा आणि त्या वस्तूत अर्थ घुसवा. 'पॅलिड' म्हणजे फिकट, निस्तेज. ट्यूबलाइटजवळची पाल आठवा, रक्त नसल्यासारखी फिकट. 'ॲम्पल' म्हणजे भरपूर: आंब्यांची पाटी भरून ओसंडतेय. १९७५ मध्ये ॲटकिन्सन आणि रॉ यांनी हाच प्रयोग १२० रशियन शब्दांवर केला. ही रीत वापरणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आठवले, इतरांना ४६ टक्के. उच्चार मात्र वेगळा तपासा, नाहीतर आयुष्यभर 'पालिड' म्हणत राहाल.

रोज सकाळी "मला ७२० पैकी ६८० पडलेत" असं डोळ्यांसमोर आणू का? सेमिनारमध्ये सांगतात.

नका आणू. याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण पालक यासाठी पैसे मोजतात. एका व्याख्यानात मी मागं बसून बघितलंय: चारशे पोरं डोळे मिटून स्वतःच्या गळ्यात स्टेथोस्कोप बघतायत आणि त्यांच्या आया कडेला उभ्या राहून डोळे पुसतायत. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत तीच पोरं तासभर उशिरा आली.

१९९९ मध्ये फाम आणि टेलर यांनी परीक्षेआधीच्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. काहींना रोज चांगले मार्क मिळाल्याचं चित्र बघायला सांगितलं, काहींना अभ्यास करतानाचं: कुठं बसलोय, कोणतं प्रकरण उघडलंय, फोन कुठं ठेवलाय. दुसऱ्या गटानं अभ्यास लवकर सुरू केला आणि त्यांना मार्कही जास्त पडले. निकाल बघणारे तेवढ्या समाधानावरच राहिले.

म्हणून रात्री झोपताना उद्याचं चित्र बघा. पाच वाजता गजर झाला, तोंडावर पाणी मारलं, खुर्चीत बसलो, कालचं अडलेलं गणित काढलं, मध्येच मित्र हाक मारतोय आणि मी "नंतर" म्हणतोय. हे शेवटचं तर जरूर बघा.

मी 'व्हिज्युअल लर्नर' नाही असं टेस्टमध्ये आलंय.

ती टेस्ट विसरा. माणसाच्या 'शैली'प्रमाणं शिकवलं की तो जास्त शिकतो, याला २००८ च्या मोठ्या आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही. नकाशा सगळ्यांनी डोळ्यांनीच शिकायचा असतो आणि कविता सगळ्यांनी कानांनी.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग आहेत. ते हेच का?

नाही. ती पट्टीखालून, नाकाजवळच्या फटीतून बघण्याची हातचलाखी आहे. लहान लेकरांना त्यात खोटं बोलायला लावतात. पैसे देऊ नका.

मग घोकंपट्टी वाईटच का?

अजिबात नाही. पाढे म्हणूनच पक्के होतात. आमच्याकडच्या बायका शाळेत न जाता जात्यावर शेकडो ओव्या म्हणायच्या, आणि अख्खा हरिपाठ तोंडपाठ असलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. ताल, चाल, रोजचा नेम यांनीही पक्कं होतं. आणि त्या ओव्यांत माहेरची वाट, पंढरीची वाट, भाऊ, बैल ही चित्रंच भरलेली असतात. सूत्र म्हणून पाठ करा, फक्त ते कशाबद्दल आहे हे दिसू द्या.

फिजिक्सला उपयोग होतो?

आकृती उभी करायला होतो: उतारावरचा ठोकळा, किरण, बल कुणीकडं. पण चुकीचं चित्र शब्दापेक्षा जास्त घट्ट बसतं. सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे अणूत इलेक्ट्रॉन फिरतात, हे आठवीत डोक्यात बसलेलं चित्र बारावीत काढून टाकताना पोरांची दमछाक होते. समजलं नसेल तर आधी समजून घ्या. न कळलेल्या गोष्टीचं चित्र काढू नका.

किती दिवस टिकतं? मी केलं होतं, पण आठवड्यात गेलं.

मागं वळून बघितलं नाहीत म्हणून गेलं. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की नवं शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं जातं, नंतर सावकाश. चित्रांनाही हा नियम लागू आहे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं त्या घरातून एक फेरी मारा. पुस्तक न उघडता. पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला विचारून आठवलेलं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे स्पष्ट दाखवलं. चुलीपाशी काय होतं ते आठवत नसेल, तर ओसरीपर्यंत मागं जा आणि पुन्हा चालत या. तरीही नाही आलं, तरच पुस्तक.

दुसरं कारण माझ्या स्वतःच्या चुकीतून सांगतो. सुरुवातीला मी आमचं एकच घर सगळ्याला वापरलं. सोमवारी संप्रेरकं, मंगळवारी शैवालं, बुधवारी मूलद्रव्यं. गुरुवारी रांजणात तिन्ही तरंगत होती. एका आठवड्यात एका जागेवर एकच धडा ठेवा. कायमचं ठेवायचंय त्यासाठी वेगळं घर राखा: मामाचं गाव, आजोळचा वाडा, जुनी शाळा.

सुरुवात कशी करू? वेळ कुठाय?

आज रात्री वीस मिनिटं. वहीच्या मागच्या पानावर गावच्या घरातल्या दहा जागा क्रमानं लिहा, दारातून आत जाताना लागतात तशा. घरी फोन करून आईला विचारा, रांजण अजून तिथंच आहे का, उतरंड काढली का. मग डोळे मिटून ती वाट एकदा सरळ आणि एकदा उलटी चाला. आज एवढंच, धडा ठेवू नका.

उद्या सकाळी उलटं चालून बघा. मध्ये एखादी जागा सुटली तर ती यादीतून काढा आणि दुसरी घ्या. दहाही आल्या की पहिला धडा घ्या, पाच मुद्द्यांचा. मी संध्याकाळी सात ते नऊ खिडकीजवळच्या टेबलाशी असतो, वही घेऊन या.